लोला कोन्सिंगची रांग

लोला कोन्सिंगच्या खिडकीशी कुणाची पुढे घुसायची हिंमत नसे. लोला म्हणजे आजी. पण केस काळे होते तेव्हापासून आमची गल्ली तिला लोलाच म्हणायची, कारण तिचं बोलणंच तसं. घराच्या पुढच्या खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढी फट, आणि आत दुकान. तेल पिशवीत गाठ मारून, लसूण पाकळीनं, शाम्पू पुडीनं.

फिलिपिन्समधल्या आमच्या लिपाच्या आसपास अशा खिडक्या जागोजागी आहेत. पण एका वर्षी वादळानं रस्ता तुटला, तांदळाची गाडी आली नाही, तेव्हा कुणाची खिडकी खरी ते कळलं. तिच्याकडे शेवटचं अर्धं पोतं उरलं होतं. वस्तीच्या मुखियाची बायको बाजूनं येऊन पिशवी पुढे करत म्हणाली, घरी पाहुणे आलेत. लोलानं मानही वर केली नाही. "मग पाहुण्यांनाच पाठवा की रांगेत. बसून कंटाळले असतील." एकेक माप देत तिनं ते पोतं शेवटच्या माणसापर्यंत पुरवलं. तिच्या घरी त्या दिवशी रताळी उकडली होती.

पुढे गुडघे गेले. मुलगा रेनातो जहाजावर, म्हणून दुकान सुनेकडे, आर्लीनकडे आलं. धंदा तिला सासूनंच शिकवला. फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक दुसरी खिडकी शोधतं, म्हणून संपायच्या आधी आणायचं. जुना माल पुढे, नवा मागे. आणि जे खपत नाही ते कितीही स्वस्त मिळालं तरी घरात घ्यायचं नाही. हे शेवटचं आर्लीननं फारच मनावर घेतलं.

माल शहरातल्या मोठ्या दुकानातून यायचा. पगार झाल्यावरच्या रविवारी तिथल्या रांगा पार बिस्किटांच्या फळ्यांपर्यंत जातात. म्हाताऱ्यांसाठी मात्र एक वेगळा गल्ला आहे, तिथे चार माणसंसुद्धा नसतात. एका रविवारी आर्लीन सासूला सहज बरोबर घेऊन गेली आणि दुपारच्या जेवणाला घरी परत आली. त्यानंतर लोलाचा रविवार ठरून गेला.

सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग घरी येऊन पुन्हा पावडर, मोत्याची कानातली, निळा झगा. तीनचाकीत पुढची जागा तिची. दुकानात ती गल्ल्याजवळ ढकलगाडीचा दांडा धरून उभी राहायची आणि आर्लीन मासळीचे डबे, नूडल्स, कॉफीच्या पुड्या आणून गाडीत रचायची. गल्ल्यावरची मुलगी लोलाचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायची. परतताना लोणी-साखरेचा पाव. घरी आल्यावर लोला आठवडाभर सांगायची, माझी सून मला घरात कुजू देत नाही.

गल्लीनं हे पाहिलं आणि गल्लीही शहाणी झाली. कुणाच्या घरी बारसं असलं, कुणाला सणाचा बाजार करायचा असला, की खिडकीशी येऊन विचारायचं, "आर्लीन, शनिवारी लोला मोकळी आहे का?" आर्लीन हसून द्यायची. लोला खूश. मरायच्या वयात मला एवढी मागणी, म्हणायची, देवाची कृपा. मी शेजारची, ऐकून मान हलवायचे.

मग तो पगाराचा रविवार आला. मीही त्यांच्याबरोबर होते. आमची गाडी शिगोशीग भरलेली, आणि मागे एक म्हातारा, काठीवर भार देऊन, हातात दुधाच्या भुकटीचा एकच डबा. पाय थरथरत होते. लोलानं त्याला पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली. "तुम्ही व्हा पुढे, आजोबा." त्याच्यामागे एक बाई औषधी तेलाची बाटली घेऊन आली, तिलाही पुढे घातलं. मग तिसरीला. खिडकीतली लोला जागी झाली होती. एवढ्यात आर्लीन साबण घेऊन आली, आणि आमचा नंबर मागे गेलेला.

"नानाय, काय चाललंय?" नानाय म्हणजे आई; सासूला ती तेच म्हणायची.

"अगं, त्यांचं एकेकच सामान आहे. आपलं तर दुकान आहे."

आर्लीन दमली होती. घरी खिडकी बंद ठेवून आली होती, गिऱ्हाईक दुसरीकडे जात होतं. हे सगळं खरं. पण ती जे बोलली ते सगळ्या रांगेनं ऐकलं. "तुम्हाला इथं आणते ते कशासाठी? हवा खायला? तुम्हीच जागा वाटत सुटलात तर तुमचा उपयोग काय?"

गल्ल्यावरच्या मुलीनं मान खाली घातली. लोलानं दांडा तेवढा घट्ट धरला. येताना पाव घेतला, तो तिनं न खाता मांडीवर ठेवला होता.

त्यानंतर महिन्याच्या आतच घाऊक व्यापाऱ्याची गाडी आमच्या गल्लीत येऊ लागली. त्याचा माणूस दर मंगळवारी मागणी घेतो, गुरुवारी माल दारात टाकतो. आर्लीनचे कष्ट वाचले. मोठ्या दुकानानंही पाटी लावली, म्हाताऱ्यांच्या गल्ल्यावर फक्त टोपलीभर सामान. मग गल्लीतही लोलाला कुणी मागायला येईना.

अशाच एका रविवारी मिस्सा झाल्यावर मी तिच्याकडे गेले. ती झगा घालून, कानातली घालून बाकावर बसली होती. सवय म्हणून असेल. मी म्हटलं, चला लोला, शहरात जाऊन येऊ, तीनचाकी बाहेर उभी आहे.

"काय आणायचंय तुला?"

"काही नाही. नुसतं फिरून येऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, शिळ्या मालाकडे पाहावं तसं. "काही आणायचं नाही, तर मला कशाला नेतेस?"

तिनं कानातली काढून रुमालात बांधली. तिकडे खिडकीशी दोन बायका मी आधी, मी आधी म्हणत एकमेकींना ढकलत होत्या. लोलानं तिकडे मानसुद्धा वळवली नाही.