गालावरची साल

‘पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिग्मेंटेशन,’ परळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे आग झालेल्या जागी कातडी काळी पडणं. माझ्या दोन्ही गालांवर तसे मोठाले डाग होते. जातील ना, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘आपल्या सावळ्या कातडीवर डाग लवकर पडतात, उतरतात हळू. काही राहतातही.’

मुरमांसाठी रेटिनॉइड जेल त्यांनीच दिलं होतं. अ जीवनसत्त्वाच्या जातीचं हे औषध, कातडीचे थर भराभर बदलतं. आठवड्यातून दोन रात्री, सगळ्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं. तसंच लावत होते. दिवाळीच्या तोंडावर गालांचे पापुद्रे सुटू लागले आणि आई हरखली. आम्ही मालवणकडचे, लालबागच्या चाळीत राहतो. जन्मापासून तिने मला डाळीचं पीठ आणि साय चोळली होती.

‘काळी साल जाता गो. खालून गोरी येतली.’

पहिल्या आंघोळीला तिने त्या पापुद्र्यांवरून उटणं खसाखसा चोळलं. आगीचा डोंब उसळला. ‘सोस जरा,’ ती म्हणाली. मी सोसलं. आशा मलाही होतीच, खोटं कशाला बोलू?

भाऊबीजेला गाल लालबुंद झाले, मग तपकिरी, मग काळे. रोज सकाळी डाग कालच्यापेक्षा गडद दिसायचे. शेवटी आईनेच आरशावर टॉवेल टाकला.

डॉक्टरीणबाईंनी जेल, चोळणं, लिंबू, सगळं बंद केलं. साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, तेही घरात असतानासुद्धा, कारण ऊन खिडकीतूनही येतं. ‘गोरं करणारी मलमं परस्पर आणू नका, बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं.’ दिवस राहिलेत का, हेही त्यांनी पुन्हा विचारलं. गरोदरपणात रेटिनॉइड चालत नाही. तुम्हाला कुणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा.

गुढीपाडव्यापर्यंत काही हललं नाही. दवाखान्याच्या बाकावर आई माझ्याकडे बघायची नाही. घरी मात्र हळूच विचारायची, ‘डाग जातले मां?’ हाच चेहरा घेऊन म्हातारं व्हायचं, असं मी मनाशी धरूनही टाकलं होतं.

मग डाग कडांपासून फिके होऊ लागले. जबड्यापाशी एक अजून आहे. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गणपतीच्या आधी एका सकाळी आईने मला खिडकीशी नेलं. हनुवटी धरून दोन्ही गाल निरखले.

‘तुझो रंग परत इलो गो,’ ती म्हणाली. ‘आधीसारखो काळो.’

आणि रडायला लागली. माझ्या रंगावर ती इतकी खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.