राखोलीच्या माळ्यावरचे निराधार

आता काय सांगू आणि कोणत्या तोंडाने सांगू? गाढवपणा लोक चोरून करतात. मी केला तो पेटीच्या सुरावर, भर दिवसा, आणि वर त्याबद्दल सरकारला सही करून अर्ज दिला.

सिल्वासाच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला तेव्हा दोन महिने झाले होते. हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून सुटला त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि उरलेलं सगळं काम आपल्यालाच करायचं आहे अशी माझी पक्की समजूत होती. गिरगावातल्या चाळीत वाढलेला, नुकता बी. ए. झालेला मी. भात आजवर फक्त ताटात पाहिलेला.

एका रविवारी सायकलवरून राखोलीकडे निघालो. दुतर्फा भाताची शेतं. मध्येच चार खांबांवर उभारलेला एक माळा, वर गवताचं छप्पर, आणि त्यावर एक हडकुळा म्हातारा. एकटा. हातात रिकामा पत्र्याचा डबा. तो डबा काठीने बडवायचा, आभाळाकडे बघून ओरडायचा, मग गप्प बसायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

तुम्ही असता तर काय समजला असता? असो. तुम्हाला कळलं असेल. मला वाटलं, एकटेपणाने बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

मी खाली उभा राहून विचारलं, "बाबा, इथे एकटेच?"

"येकलाच," तो म्हणाला.

"घरी का नाही राहत?"

"घरात माझा काय काम?"

"मग जेवण?"

"सून धाडते भाकर. आली तर आली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पलीकडच्या शेतात तसाच दुसरा माळा आणि त्यावर एक म्हातारी. म्हणजे गावाची रीतच ही! हातपाय थकले की आईबापांना चार खांबांवर चढवून मोकळं व्हायचं.

परत येऊन हे मी सावंत गुरुजींना सांगितलं. ते शाळेत मला वडील, मूळचे देवगडचे, शेतीभातीतले. ते म्हणाले, "अरे, तू आधी महिनाभर नुसता बघ. माळ्यावर माणूस असतो तो..."

"गुरुजी, बघत बसलो म्हणूनच देश मागे राहिला," मी म्हणालो आणि सायकलवर टांग मारली. ते मागून काहीतरी सांगत होते. ते काय होतं, हे मला पुढे मामलतदार साहेबांच्या तोंडून कळायचं होतं.

पुढच्या रविवारी शाळेची पेटी कॅरिअरला सुतळीने बांधून मी राखोलीला हजर. माळ्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकली आणि करुण रसातलं, काळीज पिळवटून टाकणारं एक पद आळवायला घेतलं. माझा आवाज तसा बरा आहे. निदान कॉलेजात कोणी तक्रार केली नव्हती.

म्हाताऱ्याचा डबा थांबला. तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग हळूहळू शिडी उतरून आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. देवजी त्याचं नाव. थोड्या वेळाने पलीकडची म्हातारीही आली, जिवली. मी डोळे मिटून तान घेतली तर तिने पदराला डोळे पुसले. संगीताची ताकद, दुसरं काय?

"मास्तर, पोटात काय गेला का तुझ्या?" तिने विचारलं. इकडे सगळे सगळ्यांना अरेतुरेच करतात.

"माझं सोडा, आजी. तुम्ही ऐका."

तिने काकडी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. देवजीने पाठीवरून हात फिरवला. मला इतकं भरून आलं की मी आणखी दोन पदं म्हटली.

मग दर रविवारी हेच, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. देवजी मधूनच उठायचा, शेताकडे बघायचा, चुळबुळ करायचा. मी म्हणायचो, "बसा बाबा, तुम्हाला आता कुठे जायचंय?" आणि आणखी आर्त सूर लावायचो. तो जिवलीकडे बघायचा, ती मान हलवायची, आणि तो निमूट बसायचा. समोर पोपटांचे थवे शेतात उतरत होते. हिरवं सोनं नुसतं! मला वाटलं, पाखरंसुद्धा ऐकायला आली.

तिसऱ्या रविवारनंतर मात्र मला नुसत्या संगीताने समाधान होईना. मुळावर घाव घालायला हवा होता. मी मामलतदार कचेरीत अर्ज दिला: राखोलीत वृद्ध आईबापांना घराबाहेर काढलं जातं, सबब मुलांना समज द्यावी आणि या एकाकी व निराधार व्यक्तींच्या जेवणाची व सोबतीची सोय व्हावी. खाली निराधार म्हणून दोन नावं: देवजी आणि जिवली.

आणि काय सांगू, सरकार हललं. चार दिवसांत साहेब स्वतः जीप घेऊन आले. मी पुढच्या सीटवर. देवजीच्या माळ्याखाली देवजी, जिवली आणि देवजीचा मुलगा रुपजी उभे होते. रुपजीचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. पश्चात्ताप असणार, मी मनात म्हटलं.

"बापाला घराबाहेर काढलंस?" साहेबांनी विचारलं.

"काढला नाय, साहेब. तोच राखणीला बसतो. तीस वरसां बसतो," रुपजी म्हणाला. "औंदा मीच त्याला काढणार. हा बघ."

त्याने एक लोंबी उपटून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती चोळली. तळहातावर नुसता भुसा.

"मोहाच्या बाजूची सगळी क्यारी अशीच," रुपजी म्हणाला. "पोपटांनी खाल्ली. दोन महिन्यांचा घरातला दाणा गेला, साहेब. चौघं पोरं आहेत माझी."

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, माळ्यावर माणूस पाखरं हाकायला बसवतात. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या बांधावर समजलं. पण इतक्यात हार मानेन तर मी कसला?

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण बाबा, पाखरं खात होती, तुम्हाला दिसत होती, मग माझं गाणं सोडून उठलात का नाही? म्हणजे मनाला भूक होतीच ना? सांगा साहेबांना."

देवजी बोटाने कान खाजवत राहिला. शेवटी जिवलीच पुढे आली.

"तो नाय सांगणार, साहेब. मी सांगते. हा मास्तर येकला आहे. आई नाय जवळ, बायको नाय. सुट्टी आली का पेटी घेऊन रानात येतो नि डोळे मिटून रडतो. किती रडतो! देवजी उठला का आणखी जोरात रडतो. मीच त्याला म्हटलं, भात जाऊ दे, पोराला येकला टाकू नको. जिवाचा काय करून घेतला तर?"

साहेबांनी रुमाल काढून तोंडावर धरला.

रुपजी माझ्याकडे बघत होता. त्याचा राग कुठे गेला कोण जाणे. "असा होता तर आधी सांगाचा ना, मास्तर," तो म्हणाला. "कापणीपर्यंत रविवारी आमच्याकडे ये. सकाळी बापाबरोबर पाखरां हाक, दुपारी जेव. पेटी तेवढी शाळेत ठेव."

साहेबांनी माझा अर्ज बाहेर काढला. "मग हा मागे घेताय ना?"

मी एकदा हाती घेतलेलं काम सोडत नाही. "कशाला, साहेब?" मी म्हणालो. "मागणी मंजूर झालीच आहे. फक्त खालची दोन नावं खोडा आणि माझं घाला."