तापवलेलं दूध न पिणारा

रविवार, ९ ऑक्टोबर १९७७, सकाळी साडेआठ. रक्कम दहा रुपये. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि आमच्याच पेठेत राहणारी एक सून. चौथा तिनं दोरीला धरून आणलेला तपकिरी कुत्रा, वय वर्षं दहा.

कुत्रा तिच्या सासऱ्यांचा. सासरे पंधरा दिवसांपूर्वी वारले. नवरा इचलकरंजीला मागावर कामाला, ही दोन पोरांना घेऊन एका खोलीत. घरमालकानं सांगितलेलं, म्हाताऱ्याचा मान म्हणून इतके दिवस चाललं, आता कुत्रं तरी काढा नाहीतर खोली तरी सोडा.

"मामंजींना शब्द दिलाय काका," ती म्हणाली. "ह्याला रस्त्यावर सोडणार न्हाय म्हणून. हे त्याच्या महिन्याच्या भाकरीचं."

तिची दहाची नोट मी परत केली. माझा नियम होता: कुत्रं येताना पैसे घ्यायचे नाहीत, जाताना घ्यायचे नाहीत. पैसा आला की सौदा आला, आणि सौद्यात म्हाताऱ्याला भाव नसतो.

तोवर चार वर्षांत अशी पाच म्हातारी कुत्री आमच्याकडं राहून दुसऱ्या घरी गेली होती. शेजारी आमच्या घराला 'पेन्शनरांची धर्मशाळा' म्हणत. पिल्लू न्यायला कुणीही येतं. म्हाताऱ्या कुत्र्याचे मात्र लोक बैल घेताना बघावेत तसे दात बघतात आणि "विचार करून सांगतो" म्हणून जातात. पण हा सहावा एवढ्या चौकशीपर्यंतही टिकेल असं दिसेना, कारण तो खातच नव्हता. बायकोनं दूधभाकरी कुस्करून ठेवली. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मटणाची नळी आणली, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रविवार, सोमवार, मंगळवार नुसत्या पाण्यावर गेले. माझ्या वहीत 'खाल्ले' या रकान्यात तीन शून्यं पडली.

बुधवारी पहाटे बायको सडा घालायला उठली तर कुत्रा दोरी कुरतडून पसार. मी सायकल काढली. सुनेच्या दारात नव्हता. रंकाळ्याच्या बाजूला नव्हता. शेवटी सापडला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. तिथं गवळी म्हशी घेऊन उभे राहतात आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून देतात. एका म्हशीच्या मागच्या पायाशी आमचा उपाशी पाहुणा अॅल्युमिनियमच्या ताटलीत तोंड घालून लपालप दूध पीत होता.

म्हशीखालून गवळी म्हणाला, "पावणं, ह्यो तुमच्याकडं हाय व्हय? म्हातारबा रोज एक पेला प्यायचं आन् अर्धा ह्याला पाजायचं. मला वाटलं, ह्योबी त्यांच्यामागनं गेला."

"तीन दिवस दूध पुढं ठेवतोय मामा. शिवत नाही."

"तापवल्यालं?"

"मग? कच्चं कसं द्यायचं?"

"अवो, तापवल्यालं दूध आजाऱ्याला देत्यात! ह्यो कट्ट्यावरचा गडी हाय!"

भोवतीची गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, पण मनात ती तीन शून्यं माझ्या खात्यावर घेतली.

गवळी हात पुसत उठला. "मला द्या की ह्यो. गोठ्यात नुसता पडून ऱ्हायला तरी चालंल. सव्वा रुपाय घ्या."

"असाच न्या. पैसे नकोत."

"फुकट? फुकटचं कुत्रं दाराशी ठरत न्हाय. मागं एक आणलंतं, आठ दिवसात पळालं."

"मी कुत्री विकत नाही."

"आन् मी फुकट घेत न्हाय."

पेला तोंडाला लावलेला एक पैलवान म्हणाला, "तुम्ही दोघं तत्त्वाचं पक्कं, आन् कुत्रं मराय लागलंय की!"

त्यावरही कुणी हटलं नाही. मी कुत्र्याला घेऊन घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पण कुत्रा तुमचा आहे का? पैसे घ्यायचे की नाही हे तुम्ही कोण ठरवणार?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. माझ्याकडं आलेलं कुत्रं माझं, असं मी धरूनच चाललो होतो.

गुरुवारी पहाटे सुनेला आणि कुत्र्याला घेऊन कट्ट्यावर गेलो. ती पदर सावरत मागं उभी राहिली. "मला कशाला पैसं?" म्हणून संकोचली.

"तुमच्यासाठी न्हाय ओ ताई, त्याच्यासाठी," गवळी म्हणाला. "फुकट आणला असं त्याला कुणी म्हणाय नको."

तेव्हा तिनं हात पुढं केला. कुत्रा ताटली चाटत होता. तिनं त्याच्या गळ्यातली दोरी सोडली, पाठीवरनं एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "मामंजी असते तर म्हणाले असते, लई स्वस्तात दिलास."

एक रुपया आणि एक पावली, मिळून सव्वा रुपया. गवळ्यानं दिला, सुनेनं घेतला.