पहिल्यापासून घेतो

"स्वल्प थांबा, पहिल्यापासून घेतो," म्हणत आमचे फोरमन अण्णा खिशातली चिंधी काढून कपाळ पुसत. घराणं बंगळूरला चार पिढ्या मुरलेलं, तेव्हा 'थोडं'चं कानडी 'स्वल्प' व्हायचंच. कितवा चहा हो अण्णा, असं विचारलं तरी मोजणी पहाटेच्या चहापासून. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल.

साठीच्या दशकातली गोष्ट. आमच्या कारखान्यातली एक लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, अर्जेंटिनाला जायची होती. अण्णांनी वर्षभर खपून ती स्वतः जुळवलेली. तिकडे ती उभी करायला एकच माणूस जाणार, आणि त्याला स्पॅनिश यायला हवं; त्यासाठी परीक्षा होती. एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे आम्ही दोघं शिकू लागलो. मी सव्वीसचा, अण्णा बावन्नचे.

"दुसऱ्या कुणी तिरकी बसवली तर? जन्मभर कण्हत राहील रे ती!" अण्णा म्हणत. नापास होण्याच्या धास्तीनं त्यांचं जेवण सुटलं होतं.

शिकायची तऱ्हा मात्र लहानपणच्या शास्त्रीबुवांची. डोळे मिटून, डुलत, संस्कृत रूपं घोकावीत तशी 'जाणे'ची रूपं चालायची: फुएरा, फुएरास, फुएरा, फुएरामोस... मी गेलो असतो तर, तू गेला असतास तर. सगळ्यात अवघड पाठ, आणि अण्णांना तोच तोंडपाठ. त्यांच्या पत्नी अक्का वैतागत, "अहो, तुमच्या फुएरापायी माझं दूध उतू गेलं!"

परीक्षेला ते आधी आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. परीक्षकांनी नेमकं मधलं रूप विचारलं, 'आम्ही गेलो असतो तर'.

"सर, स्वल्प थांबा, पहिल्यापासून घेतो." अण्णा डुलू लागले. दोन रूपं झाली तोच परीक्षक म्हणाले, "नको, फक्त तेवढंच सांगा." अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा त्यांना पहिलंही आठवेना. बाहेर मी ओठांतल्या ओठांत 'फुएरामोस' पुटपुटत होतो. आणि सांगायला लाज वाटते, पण मनात कुठंतरी मला हायसंही वाटलं.

परीक्षा मी पास झालो, आणि मी गेलो. स्टेशनवर अण्णांनी माझा दंड घट्ट धरला. "लेव्हल तीनदा बघ बाबा. चालू केलीस की कान लावून ऐक. आल्यावर मला सगळं सांगायचं."

आठ महिन्यांनी परतलो, तर अण्णा नव्हते. महिन्यापूर्वीच, झोपेत. मला कुणी कळवलं नव्हतं. तसाच त्यांच्या घरी गेलो.

अक्कांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. "लेथ कशी चालली रे? तू आलास की विचार, म्हणून सांगून गेलेत."

"छान चालली, अक्का."

अक्कांनी डोळे मिटून घेतले.

"असं नको," त्या म्हणाल्या. "स्वल्प थांब. पहिल्यापासून सांग."