गोल बिल्ला, चौकोनी खाच

परवा ऑफिसात एका नवीन मुलीवर मी खेकसले. डेटाबेसला विचारायची क्वेरी तिनं साध्या मजकुरासारखी अवतरणचिन्हांत लिहून टाकली होती, म्हणजे आत काय चुकलं ते कम्प्युटर आधी तपासूच शकत नाही. "पण मॅडम, चालतंय ना," ती म्हणाली. चालतंय म्हणे! मलकापूरच्या जिनिंगमध्ये माझंही चाललं होतं. चाललं म्हणूनच तर घात झाला.

कॉलेज संपवून मी आमच्या उंद्री गावाहून मलकापूरला गेले. पहिलीच नोकरी. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाजवळच्या खोलीत कम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत मी. तिथं आधीपासून एक काका बसायचे, मूळचे बीबी गावचे. कापसाची गाडी आली की तिला नंबर द्यायचा, कापसात हात खुपसून ओल पाहायची आणि कोणत्या ढिगावर रिकामी करायची ते सांगायचं, हे त्यांचं काम. भिंतीवर त्यांची लाकडी फळी होती. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून त्यांनी नंबरांचे बिल्ले केले होते, गाडीचे गोल आणि ढिगाचे चौकोनी. फळीतल्या खाचाही तशाच. गोल बिल्ला चौकोनी खाचेत बसायचाच नाही.

"मानूस थकते माय, खाच थकत नाही," असं ते म्हणायचे.

मला हसू यायचं. अहो, मी पदवीधर ना, आमच्या मोहल्ल्यातली पहिली! दुपारी ते भाकर-ठेचा माझ्यापुढं सरकवायचे आणि मी त्यांना माझा प्रोग्राम दाखवायचे. काका चष्मा पुसून पुसून बघायचे, कळत काही नसलं तरी. किती सुखाचे दिवस होते ते! आजही ठेच्याचा ठसका लागला की मला ती खोली आठवते, टेबलावर बसलेल्या कापसाच्या तुसासकट.

माझ्या प्रोग्राममध्ये गाडीचा नंबर आणि ढिगाचा नंबर, दोन्ही नुसते आकडे. क्वेरीत ढिगाच्या जागी मी गाडीचा नंबर घातला आणि कम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. तपासायला एक नंबरची गाडी घेतली, एक नंबरचा ढीग घेतला. उत्तर बरोबर! झालं, त्याच दिवशी काकांची फळी उतरवली.

पहिल्याच गर्दीत सात नंबरची गाडी आली, ओल्या कापसाची. काका म्हणाले, "दोनवर." मी दोन टाकलं, चिठ्ठी निघाली सातच्या ढिगाची, आणि घाईत ती कुणीच वाचली नाही. सात नंबरचा ढीग म्हणजे सगळ्यात चांगला, कोरडा कापूस. त्यावर ओला कापूस पडला आणि दोन दिवसांत तो आतून तापला, पिवळा पडला.

"कम्प्युटर चुकत नाही, म्हाताऱ्यानंच चुकीचं सांगितलं," मालक सगळ्यांसमोर ओरडले आणि काकांना काढून टाकलं. चुकीची ओळ माझ्यासमोर पडद्यावर होती. मला ती दिसली होती. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डबा पिशवीत घातला, फळी काखेत मारली आणि गेले.

आता मी गाडीच्या नंबराचा वेगळा क्लास, म्हणजे वेगळा साचा करते, ढिगाच्या नंबराचा वेगळा, आणि क्वेरी त्या क्लासांमधूनच बांधते. एकाच्या जागी दुसरा दिला की लाल रेघ येते, प्रोग्राम तयारच होत नाही. याला टाइप-सेफ म्हणतात. पुण्यात मला याचाच पगार मिळतो. कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते. खोटं सांगते.

बीबीला जायची हिंमत व्हायला मला सहा वर्षं लागली. काका ओसरीवर बसले होते. मी जयभीम घातला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काका, ते चुकी माह्यी होती."

"हाव. मले माईत होतं. फळी असती त झालीच नसती ते."

"मंग मालकाले काऊन नाही सांगितलं?"

काका म्हणाले, "तुमच्या मोहल्ल्यातून शिकून निघालेली तू पहिली पोरगी, तूच सांगत होती ना? तुले काढलं असतं त तिथल्या लोकायनं दुसऱ्या पोरीले शिकाले धाडलं असतं काय?"

मी तिथंच बसून ढसाढसा रडले. काकांनी घरात हाक मारली आणि माझ्यासाठी भाकर टाकायला सांगितली.