खिडकी पळवणारा रंगारी

समस्त गल्लीला अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सन नव्वदच्या सुमारास सांगलीत आमच्या खिडकीची दोन्ही दारं एका रंगाऱ्याने भरदिवसा, आमच्यादेखत पळवली.

हा गृहस्थ ब्रशला हात लावण्याआधी विचारायचा, "हितं कोण झोपतं?" बोलता बोलता खोकायचा आणि स्वतःच्या खोकल्यालाच हसायचा. टर्पेंटाइनचा डबा नाकाखाली धरून म्हणायचा, "काय न्हाई. नाक मेलंय माझं, गड्या." मी हसायचो खरा, पण त्याच्या छातीतली घरघर मला ऐकू यायची.

आमच्याकडे तो रंगवत होता ती खोली दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येणाऱ्या माझ्या बाळंतीण बहिणीची होती. ऑइलपेंट ओला आणि आईचा हुकूम असा, की खिडकी बंद आणि शेगडी पेटलेली.

"आवं मावशी, पोराला ह्यो वास सोसायचा न्हाई."

"आन वारं सोसंल व्हय रं?"

त्याने सरळ बिजागऱ्या सोडवल्या, दारं सायकलला बांधली आणि गेला. बाळ-बाळंतीण माजघरात झोपली.

आठवड्याने तो दारं घेऊन आला, पण सायकलवरून उतरवेना. "मावशी, तुमचं नाक खरं. वास गेला का?"

आईला खिडकी लावायचीच होती. नुसतं 'गेला' म्हटलं तरी त्याला काही कळणार नव्हतं. आई आत जाऊन हुंगून आली, त्याची खोकल्याची उबळ थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली आणि ओरडली, "हाय रं मेल्या, अजून हाय! ने ती दारं माघारी!"