बिल्ला कोणाजवळ हाय?

गोपिकाला कुणी विचारलं की हे कॉम्प्युटरचं कुठं शिकलीस, तर ती कॉलेजचं नाव सांगायची. खोटं सांगायची. ती शिकली इतवारीच्या धान्यबाजारातल्या एका बोळात, आणि तिथली शिकवणी फार महाग पडली.

बोळ म्हणजे धान्याच्या दोन गोदामांमधली फट. तोंड एकच. आत पन्नास पावलांवर वळण आणि वळणापलीकडे तुरीच्या गोदामाचं दार. हातठेला रिकामा आत जायचा आणि भरून त्याच तोंडानं बाहेर यायचा. दोन ठेले समोरासमोर आले की संपलंच. भरलेला ठेला मागे रेटवत नाही, आणि रिकामा ठेलेवाला म्हणतो, मीच काहून हटू? मग पोती ओढायचे लोखंडी हूक निघायचे. त्या बोळात कुणाचं बोट गेलं, कुणाचा डोळा गेला. एकाचा गाल कानापर्यंत फाटला; तो कसाबसा शिवला, तेव्हापासून तो माणूस मयतीलासुद्धा हसत आल्यासारखा दिसायचा. व्यापाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. रक्तावर भुसा टाकला की काम सुरू.

गोपिकाचा बाप मारोतराव तिथं हमाल होता. अंगानं आडदांड, पण डोकं चालणारा. त्यानं दंडावर बांधायचा आपला जुना पितळी बिल्ला काढला, बोळाच्या तोंडाशी खुंटी ठोकली आणि तिच्यावर तो टांगला.

"ज्याच्या हाती बिल्ला, तोच आत," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "बाहेर आला का खुंटीले अडकवाचा. खुंटी रिकामी दिसली का थांबाचं. आत बाप असंन तरी थांबाचं."

पहिल्याच आठवड्यात दोघांनी नियम मोडला. मारोतरावानं एकाचं डोकं ठेल्याच्या चाकावर आपटलं, दुसऱ्याचा हात पिरगाळून खांद्यातून उतरवला. तेव्हा कुठं नियम अंगवळणी पडला. शहाणपण सांगून पटत असतं तर आणखी काय हवं होतं! पण त्यानंतर चार वर्षं त्या बोळात रक्ताचा थेंब सांडला नाही, हेही तितकंच खरं.

एकोणीसशे एकोणसत्तरचा वैशाख. भर दुपार. अकरा वर्षांची गोपिका बापाचा डबा घेऊन आली. आई अंजनाबाई बोळाच्या तोंडाशी सांडलेली तूर झाडून गोळा करत होती. खुंटी रिकामी होती, म्हणजे बाप आत होता. बाहेर सात-आठ ठेले उभे होते.

आतून एक ओरड आली. मग पोतं पडल्यासारखा धप्प आवाज. मग काहीच नाही.

गोपिका आत धावली, तोच आईनं तिचं मनगट धरलं.

"थांब वं पोट्टे. बिल्ला खुंटीवर नाही."

मारोतरावाच्या हमाल-टोळीचा म्होरक्या धोंडबा ठेल्यावर बसला होता. तो म्हणाला, "मारोतराव मुनीमासंग भांडून राह्यला असंन. बिल्ला येईस्तोवर कोणी आत जाऊ नका गा."

आणि सगळे थांबले. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. धोंडबानं एक बिडी संपवली, दुसरी पेटवली. गोपिका दोनदा हिसडली, आईनं पकड आवळली. शेवटी वळणाकडून नालीतून एक लाल धार सावकाश बाहेर आली. तिच्यात तुरीचे दाणे तरंगत होते.

मग धावले. दुसऱ्या टोळीतला एक जण, ज्याचा हात मारोतरावानं उतरवला होता तोच, सकाळपासून गोदामात दडून बसला होता; मुनीम आत दुपारचा गाढ झोपला होता. त्यानं मागून मानेत हूक घातला आणि पत्र्यावरून पळाला. पुढे पोलिसांनी त्याला धरला, त्यानं काय व्हायचं? डॉक्टर म्हणाले, हा माणूस लगेच मेलेला नाही, अर्धा तास धुगधुगी होती. लगेच आणता तर वाचला असता.

मारोतरावाच्या उजव्या मुठीत बिल्ला होता. मूठ उघडेना. पंचनामा झाला, चिरफाड झाली, प्रेत दुसऱ्या दिवशी घरी आलं, तरी मूठ मिटलेलीच. आणि तिकडं बोळाच्या तोंडाशी कालचे ठेले तसेच उभे! खुंटीवर बिल्ला नाही, तर जायचं कसं? कुणाला या येडेपणावर हसू येईल. येऊ द्या. ती माणसं शब्दाला जागणारी होती, आणि शब्दाला जागता जागताच त्यांनी ज्याला शब्द दिला त्यालाच मरू दिलं होतं.

अंजनाबाईनं नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि बोटं उचकटली. दोन बोटं कटकन मोडली. तो आवाज गोपिकानं ऐकला. मग ती बाई, कपाळ पुसायच्या आधी, चालत इतवारीत गेली आणि बिल्ला खुंटीला अडकवून आली. "बाकीच्याइचे लेकरं काहून उपाशी ठेवता?" एवढंच म्हणाली.

त्या मनगटाबद्दल मायलेकी पुढं कधीच बोलल्या नाहीत. अठरा वर्षं.

सत्याऐंशी साली गोपिका एकोणतीस वर्षांची होती. शहराबाहेर एका खासगी मालकाचं धान्याचं मोठं आवार होतं, लोक त्याला बारदाना यार्ड म्हणायचे. तिथल्या कॉम्प्युटरवर ती नोकरीला लागली. एक मशीन, आणि त्याला तारांनी जोडलेल्या चार खिडक्या; प्रत्येक खिडकीत एक काचेचा पडदा, म्हणजे टर्मिनल. ट्रक आला की खिडकीवरची मुलगी बटण दाबायची आणि कोणत्या ओट्यावर माल उतरवायचा त्या नंबरची चिठ्ठी छापून निघायची. प्रोग्राम आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेला होता.

त्या फेब्रुवारीत दोन ट्रकांना एकच नंबर मिळाला. ओटा सात. दोन्ही टोळ्यांनी चिठ्ठ्या नाचवल्या, आणि मग हूक निघाले. धोंडबा आता साठीचा होता, एका टोळीचा म्होरक्या तोच. त्याच्या पुतण्याचा जबडा फुटला. समोरच्यांपैकी एकाचा गुडघा सब्बलीनं असा फोडला की तो पाय पुन्हा वाकला नाही. दोन्हीकडून शपथा झाल्या: आता नंबर दुबार निघाला तर मुडदाच पडेल.

यार्डाचे मॅनेजर गणपतराव म्हणाले, "मशीन कधी चुकत नसते. तिसऱ्या खिडकीवरच्या शामलानं घोळ केला." आणि त्यांनी शामलाला घरी बसवलं. आपली चूक लपवायची तर गरिबाची लेक बरी सापडते!

गोपिका तीन दिवस त्या प्रोग्राममध्ये डोकं घालून बसली. चौथ्या दिवशी तिला फट दिसली. खिडकी आधी यादी बघायची: सात रिकामा. मग चिठ्ठी छापायची, त्यात चार-पाच सेकंद जायचे. मग यादीत सातवर फुली मारायची. त्या चार सेकंदांत दुसऱ्या खिडकीनं यादी बघितली, तर तिलाही सात रिकामाच दिसणार. एका बोळात दोन ठेले.

मशीनसोबत आलेल्या जाड इंग्रजी पुस्तकात तिला यावरचा इलाज सापडला. नाव होतं सेमाफोर. मशीनच्या पोटात एक आकडा ठेवायचा: एक. ज्या खिडकीचा प्रोग्राम यादीकडे जाईल त्यानं तो उचलायचा, म्हणजे उरलं शून्य. शून्य दिसलं की बाकीच्यांनी झोपून जायचं. आकडा परत आला की मशीनच त्यांतल्या एकाला उठवतं. काम झालं की एक पुन्हा जागेवर. गोपिका वाचता वाचता मोठ्यानं हसली आणि मग तिला रडू आवरेना. साता समुद्रापलीकडच्या कुणा विद्वानानं तिच्या बापाची खुंटी छापून काढली होती.

प्रोग्राममध्ये तिनं त्या आकड्याला नाव दिलं: बिल्ला. शामलाला परत आणवलं. धोंडबाला खिडकीशी बोलावून समजावलं, तेव्हा म्हाताऱ्यानं गजांतून पडद्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

पण त्याच पुस्तकात पुढं आणखी एक पान होतं. आकडा उचललेला प्रोग्राम मध्येच मेला तर काय, यावरचं. सूचनेच्या शेवटच्या रकान्यात एक जादा शब्द घातला, की मेलेल्याच्या हातचा आकडा मशीन आपणहून परत ठेवतं. गोपिकानं ते पान अर्धं वाचलं आणि उलटलं. रकान्यात शून्य लिहून मोकळी झाली. तिला त्या पानावर थांबवेना. बोटं मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. हुशार माणसं अशीच चुकतात, जिथं दुखतं तिथं बोट ठेवत नाहीत.

तीन आठवडे एकही नंबर दुबार निघाला नाही. चौथ्या सोमवारी तुरीची मोठी आवक होती. सकाळचे पावणेअकरा. तिसऱ्या खिडकीवर समोरच्या टोळीचा एक ड्रायव्हर चिठ्ठीला उशीर का म्हणून शिव्या देत होता. शामलानं उलट उत्तर केलं. त्यानं गजांतून हात घालून मशीनची तार धरली आणि अशी खेचली, की टर्मिनल टेबलावरून खाली आपटलं. काचेनं शामलाचा तळवा फाटला.

आणि चारही खिडक्या थिजल्या.

"काही नाही, मशीन बिझी आहे," गणपतराव म्हणाले. "थांबा. आपोआप सुरू होईल."

बाहेर थांबायला कुणाला वेळ होता? समोरच्या टोळीनं चिठ्ठीविना एक ट्रक आत घातला. धोंडबाची माणसं आडवी आली. पहिला दगड खिडकीवर आला, दुसरा एकाच्या कपाळावर. हूक खांद्यावरून हातात आले. एकाच्या पाठीतून हूक ओढला गेला तेव्हा सदऱ्यासकट कातडं निघालं. धोंडबा ओरडत होता, "नंबर येईस्तोवर हात उचलू नका गा!" त्याची माणसं ऐकत होती, ऐकत होती आणि मार खात होती. मग त्याच्याच हातात एक हूक कोपराखाली घुसला. म्हातारा तसाच, हातातून रक्त गळत, गजांपाशी आला.

"गोपिके!" तो आत पाहून ओरडला. "बिल्ला कोणाजवळ हाय? आत कोणी मेलं तर नाही ना वं?"

अठरा वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न त्यानं आत्ता विचारला.

गोपिकानं मशीनला चालू प्रोग्रामांची यादी मागितली. पहिली खिडकी झोपलेली. दुसरी झोपलेली. चौथी झोपलेली. तिसरी यादीतच नव्हती. तार तुटल्याबरोबर मशीननं तो प्रोग्राम मारून टाकला होता, आणि तो मेला तो चिठ्ठी छापता छापता, बिल्ला मुठीत घेऊन. बाकीचे तिघे नियमानं थांबले होते. जन्मभर थांबले असते.

तिनं हात पुढं केला, तोच गणपतरावांनी तिचं मनगट धरलं.

"हात लावू नको! सगळी यादी उडेल. थांब म्हटलं ना!"

"मी एकदा थांबली होती, साहेब," ती म्हणाली. ते सोडेनात, तेव्हा तिनं त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला. मनगट सुटलं. अर्ध्या राहिलेल्या चिठ्ठीच्या ओट्यावर यादीत फुली पडलेली नाही हे तिनं आधी बघितलं, आणि मग एक ओळ लिहिली: बिल्ला, एक.

पहिली खिडकी करकरली. चिठ्ठी निघाली. मग दुसरी. मग चौथी. शामलानं रक्ताळल्या हातानं चिठ्ठ्या गजांतून बाहेर फेकल्या आणि घसा फाडून नंबर ओरडली. ज्याच्या हाती नंबर आला तो आपल्या ट्रककडे पळाला. हातात चिठ्ठी आणि हूक दोन्ही धरून भांडता येत नाही. दहा मिनिटांत मारामारी ओसरली. अकरा जणांना टाके पडले, धोंडबाला नऊ. मुडदा पडला नाही.

दुपारी गोपिकानं ते पान काढलं, पुरतं वाचलं आणि शेवटच्या रकान्यात तो शब्द घातला. मग स्वतः तिसऱ्या खिडकीचा प्रोग्राम मध्येच मारून पाहिला. बिल्ला जागेवर आला. तिनं पुन्हा मारला. पुन्हा आला. असं तिनं वीस वेळा केलं.

संध्याकाळी घरी तिनं आईला सगळं सांगितलं. अंजनाबाई कंदील पुसावा तशी एक वाटी पुसत ऐकत होती.

"म्हंजे मेल्याच्या मुठीतला बिल्ला आता मशीनच काढते?"

"हो माय. तेव्हाच्या तेव्हा. कोणाले बोटं मोडा लागत नाहीत."

म्हातारीनं वाटी खाली ठेवली आणि लेकीचा हात ओढून घेतला. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ उठले होते.

"कोणं धरलं वं हे?"

"साहेबानं. थांब म्हणे."

"मंग?"

"चावली त्याले. सोडवलं."

अंजनाबाईनं त्या वळांवर आपली चार बोटं ठेवून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तवा काहून नाही चावली वं मले?"

"तवा तू धरलं होतं, माय."

वळांना लावायच्या तेलाची बाटली हाताच्या अंतरावर होती, पण तिच्यासाठीसुद्धा अंजनाबाईनं ते मनगट सोडलं नाही.